कमी धावलेली गाडी की नीट धावलेली?

स्वस्तातली जुनी गाडी घ्यावी की नाही, हा प्रश्न सध्या माझ्यापुढे दोन गाड्यांच्या रूपाने उभा आहे. दोन्ही लहान, पेट्रोलवर चालणाऱ्या, साध्या गिअरच्या, वयाने १५ वर्षांच्या आसपासच्या आणि किमतीनेही जवळपास सारख्या आहेत. फरक आहे तो धावण्यात. पहिली ४२ हजार किलोमीटर चालली आहे आणि दुसरी १ लाख ४० हजार. ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी हे दोन आकडे ऐकताच, पुढचे काही ऐकून न घेता, पहिलीच्या बाजूने कौल दिला. माझे मत मात्र दिवसेंदिवस दुसरीकडे झुकत चालले आहे.

मुळात इतकी जुनी गाडी का, याचे उत्तर सोपे आहे. नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने घसरते आणि ती घसरण कोणीतरी आधीच सोसलेली असते. माझा वापर बेताचा आहे, गाडी एखादा दिवस बंद पडली तर माझे काम अडणार नाही, आणि कर्ज काढण्याची माझी इच्छा नाही. पण या हिशेबात एक गोष्ट हमखास निसटते. गाडीची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या सुट्या भागांची मात्र उतरत नाही. क्लच प्लेट, रेडिएटर किंवा शॉक अॅब्सॉर्बर बदलायचा झाला, तर गाडी ३ वर्षांची आहे की १५ वर्षांची, याचे दुकानदाराला काही देणेघेणे नसते. त्यामुळे नव्या गाडीत जे काम किरकोळ वाटते, तेच जुन्या गाडीत तिच्या किमतीचा तिसरा हिस्सा खाऊन जाते. म्हणून मी ठरवले आहे की गाडीसाठी जेवढी रक्कम द्यायची, तिच्या निम्मी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळी काढून ठेवता येत असेल, तरच या वाटेला जायचे.

आता किलोमीटरकडे वळतो. ओडोमीटरवरचा आकडा पाहून आपण गाडीची झीज मोजतो, आणि तरुण गाडीच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी बरोबरही असते. परंतु गाडी १० वर्षांच्या पुढे गेली की तिच्यातले बरेचसे भाग अंतराने नव्हे, तर काळाने खराब होतात. सस्पेन्शनमधले रबरी बुश, दारांची रबरे, कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) पाइप आणि इंजिनची ऑइल सील ही सगळी मंडळी गाडी उभी असली तरी कडक होत जातात आणि शेवटी तडकतात. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ प्रकारचे ताजे ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे मानक आहे, मात्र त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर सतत ब्रेक दाबावे लागले आणि तेव्हा हे ऑइल उकळले, तर पायाखालचे पेडल अचानक मऊ होऊन खाली जाते. इंजिनमधले पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या टायमिंग बेल्टचेही तसेच आहे. तो बदलण्यासाठी कंपन्या अंतर आणि वर्षे अशा दोन्ही मर्यादा देतात आणि जी आधी पूर्ण होईल ती पाळायची असते. बऱ्याच इंजिनांमध्ये हा बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, आणि मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्याही वर जाऊ शकतो. ज्या इंजिनांत बेल्टऐवजी साखळी असते, तिथे ही धास्ती कमी असते. पण साखळीलाही वेळेवर बदललेले ऑइल लागतेच.

एअरबॅगसारख्या बंद डब्यात राहणाऱ्या वस्तूलाही काळ सोडत नाही. तकाता कंपनीच्या एअरबॅगमधले, ती फुगवणारे अमोनियम नायट्रेट हे रसायन वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आणि दमटपणाने खराब होऊन एअरबॅग फुगण्याच्या वेळी धातूचे तुकडे गाडीच्या आत उडू लागले. त्यातून वाहन उद्योगाच्या इतिहासातला सर्वांत मोठा रिकॉल (सदोष भाग बदलून देण्यासाठी गाड्या परत बोलावणे) झाला आणि २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. माझ्या नजरेतल्या दोन्ही गाड्या नेमक्या त्याच काळातल्या असल्यामुळे त्यांचा काही रिकॉल बाकी आहे का, हे तपासायला दोघींचेही चेसिस नंबर मी उत्पादकांच्या संकेतस्थळांवर टाकून पाहिले. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने करावे असे हे फुकटातले काम आहे, तरी ते फारच थोडे लोक करतात.

या पार्श्वभूमीवर पहिली गाडी जवळून पाहिली. रंग झळाळता आहे, आतली आसने जवळजवळ नवी आहेत आणि ब्रेकच्या पेडलवरच्या रबराच्या रेषाही शाबूत आहेत. म्हणजे आकड्यात फेरफार नसावी. टायरची नक्षीही भरपूर शिल्लक आहे. मात्र टायरच्या बाजूला लंबवर्तुळात चार अंक छापलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. इथे ते ‘२३११’ होते, म्हणजे टायर २०११ सालच्या तेविसाव्या आठवड्यातले, गाडीबरोबरच आलेले. रिमच्या कडेने केसासारख्या बारीक भेगांची जाळी पसरली होती. टायर कितीही चांगला दिसला तरी १० वर्षांनंतर बदलावा असे बहुतेक टायर कंपन्या सांगतात. ऑइल भरायचे झाकण उघडले तर त्याच्या आतल्या बाजूला पिवळसर, सायीसारखा थर होता. हा थर पाहून अनेक जण हेड गॅस्केट (कूलंट आणि ऑइल एकमेकांत मिसळू न देणारे इंजिनमधले सील) गेले असे ठरवून मोकळे होतात. पण गाडी कायम जवळच्या जवळ फिरवली जात असेल, तर इंजिन पुरेसे तापत नाही, आतली वाफ बाहेर पडत नाही आणि ती ऑइलमध्ये मिसळून असाच थर धरते. कूलंट कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचे ऑइल स्वच्छ असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. मला खटकले ते वेगळेच. सर्व्हिसची वही सहाव्या वर्षानंतर कोरी होती. मालकांनी अगदी प्रामाणिकपणे सांगितले, “गाडी चालतच नव्हती, मग सर्व्हिस कशाला करायची?”

दुसऱ्या गाडीचे मालक बोलण्यात तुटक आहेत, पण त्यांनी बिलांची जाडजूड फाइल समोर ठेवली. क्लच एकदा बदलला आहे, टायमिंग बेल्ट पाण्याच्या पंपासह दोनदा, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, पुढचे शॉक अॅब्सॉर्बर अलीकडेच. गाडीचे स्टिअरिंग गुळगुळीत झाले आहे, चालकाच्या आसनाची कड फाटली आहे आणि मागच्या दारावर मोठा पोचा आहे. यातले काहीही मला रस्त्यात अडवणार नाही.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांचेच उदाहरण घेऊन मांडले होते की विकणाऱ्याला मालाची खरी अवस्था ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सरसकट कमी भाव देतो आणि त्यामुळे चांगल्या गाड्या बाजारातून हळूहळू बाहेर पडतात. २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सिद्धान्ताविषयी मला शंका नाही, तरी बाजाराच्या अगदी तळाशी चित्र थोडे निराळे आहे असे मला वाटते. १५ वर्षांच्या, पडून राहिलेल्या गाडीत काय दडले आहे, हे पुष्कळदा मालकालाही माहीत नसते. तिथे लबाडीपेक्षा अज्ञानाचा धोका मोठा, आणि त्यावर बिलांच्या फाइलइतका चांगला उपाय नाही.

काही दोष मात्र असे आहेत की ते दिसले तर फाइल कितीही जाड असो, व्यवहार तिथेच थांबवावा. दारावरचा गंज चालतो. खालच्या सांगाड्याला किंवा सस्पेन्शन जिथे बसते तिथे धरलेला गंज चालत नाही. एकदा पुरात बुडालेली गाडी वायरिंगच्या रूपाने वर्षानुवर्षे सूड उगवते, म्हणून आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का, हे पाहावे. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे आणि आपण पोहोचण्याआधी बोनेट गरम झालेले असेल तर दुसऱ्या दिवशी यावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही थांबत नसलेला पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट जळते आहे. चावी फिरवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागून मग विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर कोणीतरी मुद्दाम बंद केला असण्याची शक्यता असते.

एवढे करूनही माझ्या मनातली एक अडचण सुटलेली नाही, आणि ती सुरक्षिततेची आहे. घसरणारी गाडी सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल ही यंत्रणा अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली. माझ्या दोन्ही गाड्या त्याआधीच्या आहेत. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारे एबीएस दोन्हींत आहे, स्टॅबिलिटी कंट्रोल मात्र एकीतही नाही. काळजीपूर्वक देखभाल केली म्हणून जुन्या गाडीत नवी यंत्रणा येत नाही. लहान मुलांना रोज हमरस्त्याने न्यायचे असते, तर मी या दोन्हींचा विचारच केला नसता आणि पैसे साठेपर्यंत थांबलो असतो. माझा प्रवास बहुतांशी कमी वेगाचा आणि एकट्याचा असल्यामुळे ही उणीव मी स्वीकारायला तयार आहे.

दुसऱ्या गाडीच्या मालकांना मी कळवले आहे की माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवून खालून पाहिली आणि सांगाडा कोरडा, गंज नसलेला निघाला, तर पोच्याबद्दल घासाघीस न करता मी त्यांचा भाव देईन. ते हो म्हणाले आहेत. पहिल्या गाडीसाठीही मी एक आकडा सांगून ठेवला आहे, आणि त्यातून चार टायर, टायमिंग बेल्ट, सगळी ऑइले आणि कूलंटचे पाइप यांचा खर्च आधीच वजा केलेला आहे. तो ऐकून तिचे मालक नाराज झाले, कारण त्यांच्या मते गाडी नवीच आहे.