वॉशिंग्टनच्या घोड्यामागचा माणूस

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. शनिवारच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, ग्रुपवर, मागच्या महिन्यात तर एका डोहाळजेवणात सुद्धा हाच प्रश्न आला. फेब्रुवारी उजाडला, इथे अमेरिकेत प्रेसिडेंट्स डे तोंडावर आला, पोरांना शाळेतून एकेक प्रेसिडेंट वाटून दिलाय, तर लायब्ररीतून पुस्तकं कुठली आणू? आणि मग जरा आवाज खाली करून, ते गुलामांचं वगैरे एवढ्यात सांगायचं का गं, लहान आहे अजून.

सांगायचं. आठ वर्षांच्या मुलाला सांगायचं, सहाच्या मुलीलाही सांगायचं, आणि पुस्तक निवडतानाच ते बघून निवडायचं. मी इतकं ठाम का बोलते ते सांगते.

माझा मुलगा तिसरीत असताना त्यांच्याकडे वॅक्स म्युझियम होतं. ज्यांची मुलं अजून तिथवर पोचली नाहीत त्यांच्यासाठी सांगते, प्रत्येक मुलाने एक ऐतिहासिक व्यक्ती घ्यायची, तिच्यासारखा वेश करायचा, जिममध्ये पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि पायाशी कागदाचं लाल बटण चिकटवायचं, आईवडिलांनी येऊन बटणावर पाय ठेवला की पुतळा बोलायला लागतो. ह्याला अमेरिकेचे पहिले प्रेसिडेंट जॉर्ज वॉशिंग्टन आले. मी जुन्या टोपीवर कापूस चिकटवून विग करत बसले होते आणि तो समोर लायब्ररीतून आणलेली सात पुस्तकं पसरून बसला होता.

त्यातल्या दोन पुस्तकांत चेरीच्या झाडाची गोष्ट होती. तीच ती, लहानग्या जॉर्जला कुऱ्हाड मिळते, तो वडिलांचं झाड तोडतो आणि मग खरं खरं कबूल करतो. ही गोष्ट घडल्याचा काहीही पुरावा नाही. मेसन लॉक वीम्स नावाचे पाद्री होते, गावोगाव फिरून पुस्तकं विकायचे, वॉशिंग्टन डिसेंबर १७९९ मध्ये गेले आणि १८०० मध्ये वीम्सनी त्यांचं चरित्र बाजारात आणलं सुद्धा, आणि झाडाची गोष्ट तर त्यातही नव्हती, ती १८०६ च्या आवृत्तीत घातली. हे मी मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, मग ते झाड कुणी तोडलं? झाडच नव्हतं रे बाळा, असं सांगितल्यावर तो बराच वेळ ते चित्र बघत राहिला.

पण माझं लक्ष गेलं ते पुढच्या पुस्तकामुळे. वॉशिंग्टन पांढऱ्या घोड्यावर, मागे थोडं लांब दुसऱ्या घोड्यावर एक काळा माणूस, डोक्याला काहीतरी गुंडाळलेलं. मुलगा म्हणाला, आई, ह्याने फेटा बांधलाय, हा कोण? मी पान वाचलं, मागचं पुढचं वाचलं, कुठेही नाव नाही. चित्र काढणाऱ्याने त्याला काढला, लिहिणाऱ्याला त्याचं काही लिहावंसं वाटलं नाही.

तो विल्यम ली. वॉशिंग्टनने १७६८ मध्ये त्याला विकत घेतलं होतं आणि स्वातंत्र्ययुद्ध संपेपर्यंत तो त्यांच्या सोबत होता. जॉन ट्रंबुलने १७८० मध्ये काढलेल्या चित्रातही वॉशिंग्टनच्या मागे तो फेटेवाला माणूस आहे, मुलांच्या पुस्तकांत येतो तो बहुतेक तिथूनच. वॉशिंग्टनच्या मृत्युपत्रात लगेच स्वातंत्र्य मिळालं ते फक्त ह्या एका माणसाला, वर्षाला ३० डॉलर्सही लावून दिले. बाकीच्यांनी वॉशिंग्टनची बायको मार्था जाईपर्यंत थांबायचं होतं, आणि ते सुद्धा जे वॉशिंग्टनच्या स्वतःच्या मालकीचे होते त्यांनीच. १७९९ मध्ये माउंट व्हर्ननला, म्हणजे वॉशिंग्टनच्या घरी आणि शेतांवर, ३१७ माणसं गुलामीत होती, त्यातली १२३ त्यांची.

तेव्हापासून माझी पुस्तक तपासायची एकच पद्धत आहे. मागे उभ्या असलेल्या माणसाला नाव आहे का? ताट घेऊन आलेल्या बाईला नाव आहे का? नसेल तर पुस्तक परत शेल्फवर. ती 'हू वॉज' नावाची, मोठ्या डोक्यांची चित्रं असलेली सिरीज सगळ्या मुलांना आवडते, आवडू दे, वाचायची गोडी त्यानेच लागते, पण त्याच्या जोडीला एक नावं असलेलं पुस्तक घ्याच.

ते पुस्तक म्हणजे माझ्या मते ओना जजचं. तिच्यावर चित्रांची पुस्तकंही आहेत, आणि एरिका आर्मस्ट्राँग डनबार यांनी २०१७ मध्ये मोठ्यांसाठी लिहिलेल्या चरित्राची २०१९ मध्ये मुलांसाठी वेगळी आवृत्ती आली, ती नऊ दहाच्या पुढच्यांना छान झेपते. ओना मार्था वॉशिंग्टनची दासी, विशी ओलांडलेली. तेव्हा राजधानी फिलाडेल्फिया होती आणि पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने राहिला तर मोकळा होऊ शकायचा. म्हणून वॉशिंग्टन सहा महिने भरायच्या आत माणसांना राज्याबाहेर पाठवून परत आणायचे, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हे वाचताना माझ्या मुलाने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाला, दॅट्स चीटिंग. बघा, मला काही समजावून सांगावं लागलं नाही. मग ओनाला कळलं की तिला मार्थाच्या नातीला लग्नाची भेट म्हणून देणार आहेत, आणि २१ मे १७९६ ला घरची मंडळी जेवायला बसलेली असताना ती निघून गेली, जहाजाने न्यू हॅम्पशायर गाठलं. पकडून देणाऱ्याला १० डॉलर्स अशी पेपरात जाहिरात आली. पुढे माणसंही पाठवली तिला आणायला, ती परत गेली नाही. तिकडे ती वाचायला शिकली, १८४८ पर्यंत जगली, आणि कायद्याने शेवटपर्यंत पळालेली गुलामच राहिली.

आम्ही नंतर त्याला घेऊन फिलाडेल्फियाला गेलो. लिबर्टी बेलला रांग मोठी असते पण शेजारीच, सिक्स्थ आणि मार्केटच्या कोपऱ्यावर, जिथे प्रेसिडेंटचं घर होतं त्या जागेवर दगडी भिंतीत तिथे गुलामीत असलेल्या माणसांची नऊ नावं कोरलेली आहेत. थंडी खूप होती, तरी त्याने हातमोजा काढला आणि ओनी, म्हणजे आपली ओना, ह्या अक्षरांवरून बोट फिरवलं. हर्क्युलीसच्या नावावरून पण.

हर्क्युलीस वॉशिंग्टनचा आचारी. त्याच्यावर एक चित्रांचं पुस्तक जानेवारी २०१६ मध्ये आलं होतं, त्यात तो आणि त्याची मुलगी हसत हसत साहेबांच्या वाढदिवसाचा केक करतायत, लोक इतके चिडले की प्रकाशकाने काही दिवसांतच ते मागे घेतलं. प्रत्यक्षात हर्क्युलीस पळून गेला तो २२ फेब्रुवारी १७९७ ला, वॉशिंग्टनच्या वाढदिवसाच्याच दिवशी. दोनेक महिन्यांनी लुई फिलिप, जो पुढे फ्रान्सचा राजा झाला, तो माउंट व्हर्ननला पाहुणा होता. त्याच्या नोकराने हर्क्युलीसच्या सहा वर्षांच्या मुलीला विचारलं, बाबा आता दिसणार नाहीत म्हणून तुला खूप वाईट वाटत असेल ना? ती म्हणाली, नाही, मला खूप आनंद झालाय, कारण ते आता मोकळे आहेत. लुई फिलिपच्या डायरीत आहे हे.

सहा वर्षांची मुलगी. आपल्या मुलांना समजणार नाही असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा मला तीच आठवते.

आता लिंकन. इथे जरा मी स्वतःलाच उलटं बोलणार आहे. वीम्सचं ते पुस्तक लहानग्या लिंकनने वाचलं होतं. २१ फेब्रुवारी १८६१ ला शपथविधीला जाताना तो ट्रेंटनला थांबला, म्हणजे आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, आणि न्यू जर्सीच्या सेनेटसमोर त्याने त्या पुस्तकाचं नाव घेऊन सांगितलं की इथली लढाई, नदी ओलांडणं, ते सोसलेले कष्ट, सगळं लहानपणापासून मनात बसलंय. झाडाबद्दल एक शब्द नाही. वॉशिंग्टनचं डेलावेअर नदी ओलांडणं तर खरंच घडलेलं. म्हणून घरात वीम्सची गोष्ट निघाली तर मी पुस्तक फेकून देत नाही, सोबत बसून ह्यातलं काय घडलं आणि काय नाही ते बोलते. लिंकनसाठी रसेल फ्रीडमन यांचं फोटोंचं चरित्र घ्या, त्याला १९८८ चं न्यूबरी मेडल, म्हणजे मुलांच्या पुस्तकांचं मोठं अमेरिकन बक्षीस, आहे. आणि लहानांना ग्रेस बेडेलची गोष्ट सांगा, ११ वर्षांच्या ह्या मुलीने लिंकनला पत्र लिहून दाढी वाढवा म्हणून सांगितलं आणि त्याने खरंच वाढवली. ती पत्रं खरी आहेत, १८६० ची.

पत्रावरून आलंच. आपल्याकडे लिंकनचं हेडमास्तरांना पत्र आहे ना, वसंत बापटांनी मराठीत आणलेलं, ते लिंकनचं नाही. त्याच्या छापलेल्या लिखाणात ते कुठेही नाही. माझे बाबा मुख्याध्यापक होते, त्यांच्या केबिनमध्ये खुर्चीच्या मागे ते फ्रेम करून लावलेलं होतं आणि निवृत्त झाल्यावर तीच फ्रेम घरी आली. मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ते गप्प झाले. मग म्हणाले, मग लिहिलंय कोणी? मला मुलाचं झाड आठवलं. फ्रेम अजून भिंतीवर आहे, मला त्यात काही वावगं वाटत नाही, मराठी इतकं सुंदर आहे ते. पण आता भेटायला आलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना बाबा स्वतःहून सांगतात की हे लिंकनचं नव्हे बरं का.

कोणी असंही विचारतं की आपल्याला काय करायचंय त्यांच्या गुलामांशी, आपण बाहेरचे. १८७३ मध्ये पुण्यात बसून जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. त्यांना ती माणसं परकी वाटली नव्हती, आणि आपली मुलं तर इथेच जन्मलीत.

तर पुस्तकं. शनिवारी शाळा सुटल्यावर माझ्या डिकीत निळी पिशवी असते, मला थांबवा, मुलाचं वय सांगा, मी काढून देते. ओना जजचं मोठ्या मुलांचं पुस्तक सध्या एकीकडे गेलंय, आलं की ज्यांनी आधी सांगितलंय त्यांना आधी.