तुम्ही विचारलंत म्हणून: बाजू कोणती?

पत्रकारितेच्या मुलांसमोर बोलायला गेले की हा प्रश्न ठरलेलाच. "मॅडम, तुम्ही अर्थकारणावर लिहिता आणि कामगारांवरही. मग तुमची बाजू कोणती?"

माझी सुरुवात कंपन्यांच्या तिमाही निकालांपासून झाली. 'कर्मचारी खर्च' घटला की आम्ही 'खर्चावर नियंत्रण' असं लिहून मोकळे व्हायचो. मग एकदा चाकणला, पहिली पाळी सुटल्यावर, गेटसमोरच्या टपरीवर एका कंत्राटी कामगाराने पाकिटातून चार घड्यांची पगाराची पावती काढून माझ्यासमोर धरली. पीएफ कापलेला. त्यानेच मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडलं, तर चार महिने एकही नोंद नाही. ओव्हरटाइम होता, पण साध्या दराने. कायद्याने तो दुप्पट द्यावा लागतो.

त्याच कंपनीचे निकाल मी महिन्यापूर्वीच छापले होते, आणि हा माणूस मला त्यांत दिसलाच नव्हता. दिसणार कसा? ठेकेदाराला दिलेले पैसे बहुतेकदा 'इतर खर्चा'त जातात. त्या दिवसापासून मी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचते. एकट्या निकालावरून बातमी करायची हिंमत होत नाही.

21 नोव्हेंबर 2025 ला जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. कामगारकपात करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागते, ती मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली. उद्योगाच्या पानावर ही सोयीची बातमी. पावणेदोनशे माणसांच्या कारखान्यातून मात्र फोन येतो, "ताई, म्हणजे आमचं काय?" त्या माणसाला अर्थशास्त्र नीट समजावून सांगणं हेही माझंच काम आहे, आणि ते मला सगळ्यात अवघड जातं.

राहिली बाजू. नारायण मेघाजी लोखंडे 'दीनबंधु' हे वृत्तपत्र चालवत होते आणि गिरणी कामगारांना एकत्रही करत होते. गिरणी कामगारांच्या 1884 च्या निवेदनात रविवारच्या सुट्टीबरोबर आणखी एक मागणी होती: आधीच्या महिन्याचा पगार 15 तारखेच्या आत मिळावा. घामाचा पैसा वेळेवर मिळावा, एवढंच. सुट्टी 1890 मध्ये मिळाली. पगाराच्या तारखेसाठी मला आजही फोन येतात, आणि माझी बाजू त्या फोन करणाऱ्याची आहे. आकडे मात्र मी दोन्हीकडचे तपासते, त्याने सांगितलेलेसुद्धा.