वर वारो असा

१९७९ च्या जुलैत आपल्या पंचक्रोशीत लावणीपेक्षा जास्त चर्चा स्कायलॅबची होती. मुंबईहून येणारी पत्रं आणि आकाशवाणीच्या बातम्या यांतून एवढंच कळलं होतं, की अमेरिकेची ७७ टनांची प्रयोगशाळा आकाशातून खाली येणार आहे. कुठे पडणार, ते कोणालाच नेमकं सांगता येत नव्हतं. मग मांगरावर पडली तर काय, शाळेवर पडली तर काय, असं घरोघरी सुरू झालं. काही घरांनी मुलांना शाळेत पाठवणंच थांबवलं. मी तेव्हा आठवीत होते.

भीतीपेक्षा मोठा प्रश्न आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारला. "सर, वर जर वारोच नाय, तर ता पडता कसा?" पुस्तकात अवकाश निर्वात असतं असं छापलेलं होतं. वर्गात शुद्ध बोलण्याचा आग्रह धरणारे आमचे विज्ञानाचे सर त्या दिवशी मालवणीतच म्हणाले, "वारो नाय, असा तुका कोणी सांगल्यान? वर वारो असा. थोडो असा, पण असा."

शाळेतला पृथ्वीचा गोल सुमारे ३० सेंटीमीटर व्यासाचा होता. सरांनी आम्हाला त्रैराशिक मांडायला लावलं. पृथ्वीचा व्यास पावणेतेरा हजार किलोमीटर. स्कायलॅब सोडली तेव्हा ती साधारण ४३५ किलोमीटर उंचीवर होती. उत्तर आलं, एक सेंटीमीटर. सरांनी गुलाबी खडूचा तुकडा गोलापासून तेवढ्याच अंतरावर धरला. आमच्या मनातलं 'अवकाश' इतकं जवळ असेल अशी कोणाचीच कल्पना नव्हती. हवा ठरावीक उंचीवर संपत नाही, ती विरळ होत जाते, हे त्या खडूकडे बघताना पटलं.

मग सर आम्हाला समुद्राकडच्या पडवीत घेऊन गेले. एका मुलाची छत्री घेतली. काळी, वेताच्या मुठीची, दोन काड्या तारेने बांधलेल्या. आधी मिटून, टोक वाऱ्याकडे करून धरायला सांगितली. हाताला फारसं काही जाणवलं नाही. मग उघडून वाऱ्यासमोर धरली, तर मी दोन पावलं मागे रेटले गेले आणि दुरुस्त केलेली एक काडी पुन्हा सुटली. वारा तोच, छत्री तीच. आडवं येणारं क्षेत्रफळ बदललं की रेटा बदलतो, हा धडा मी पुढे अकरावीच्या वर्गांना वर्षानुवर्षं शिकवला, पण त्या पडवीत तो जसा हाताला कळला तसा मला फळ्यावर कधी दाखवता आला नाही.

११ जुलैच्या रात्री स्कायलॅब हिंदी महासागरावर फुटली आणि तिचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्सच्या आसपास विखुरले. गावाने सुटकेचा श्वास सोडला. सरांनी मात्र विषय सोडला नाही. ती १९८० नंतरही काही काळ टिकेल असा हिशेब होता, मग आधी का पडली? कारण सूर्य. साधारण ११ वर्षांच्या चक्रात सूर्य खवळला की त्याच्या अतिनील किरणांनी वरची हवा तापते, फुगते आणि कक्षेतल्या वस्तूला जास्त अडवते. त्या वेळी सूर्य अंदाजापेक्षा जास्त तापट निघाला. त्याच वर्षीची सहल सरांनी विजयदुर्गाला नेली. १८६८ च्या खग्रास ग्रहणाची आठवण ज्यांच्याशी जोडली जाते, त्या 'साहेबाच्या ओट्यां'जवळ उभं करून ते सूर्याबद्दल भरभरून बोलले.

स्कायलॅबची खरी अडचण मला कॉलेजात उमगली. तिला वर ढकलणारं इंजिन तिच्याजवळ नव्हतं. ते काम स्पेस शटल करणार होतं, आणि शटलचं पहिलं उड्डाण झालं एप्रिल १९८१ मध्ये. त्याच काळात सोव्हिएत रशियाच्या साल्यूत-६ या अवकाश स्थानकाला मात्र १९७८ पासून प्रोग्रेस ही मालवाहू यानं इंधन पोचवत होती. एक स्थानक टिकलं, एक पडलं, यामागे एवढी साधी गोष्ट होती.

आजचं आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ४०० किलोमीटरच्या आसपास फिरतं. समुद्रसपाटीवर एक घन किलोमीटर हवेचं वजन सुमारे १२ लाख टन भरतं. तिथे तेवढ्याच जागेतली हवा भरते जेमतेम काही ग्रॅम. पण स्थानक सेकंदाला ७.६६ किलोमीटर वेगाने, म्हणजे दिवसाला साडेसहा लाख किलोमीटर, त्या हवेतून जातं. सव्वाचारशे टनांच्या त्या प्रचंड वस्तूवर एरवी येणारा रेटा ५० ग्रॅम वजनाहूनही कमी असतो, पण तो क्षणभरही थांबत नाही. महिन्याला साधारण दोन किलोमीटर उंची त्यातच जाते. गंमत अशी, की हवा अडवते म्हणून स्थानक खाली सरकतं, आणि खालच्या कक्षेत त्याचा वेग वाढतो! हे गणित पहिल्यांदा सोडवलं तेव्हा मी तीनदा ताळा केला होता.

गेलेली उंची परत मिळवायला फार वेग लागत नाही. सेकंदाला एक मीटर, आपल्या संथ चालीएवढा वेग वाढवला की कक्षा सुमारे पावणेदोन किलोमीटर उंचावते. जोडलेल्या प्रोग्रेस यानाची किंवा झ्वेज्दा या रशियन भागाची इंजिनं काही मिनिटं चालवतात. २०२४ पासून ड्रॅगन यानानेही हे काम केलं आहे. पृथ्वीच्या सावलीत असताना सौरपंखे कडेने वाऱ्याला सामोरे करायची युक्तीही वापरतात. तिच्याबद्दल वाचताना मला ती मिटलेली छत्री दिसते. २०११ पर्यंत, शटलला जड भाग वर न्यावे लागत म्हणून, स्थानक ३५० किलोमीटरवर ठेवत असत. पुढे ते वर नेल्यावर इंधनाचा वार्षिक खर्च निम्म्याहून खाली आला. केवळ ५० किलोमीटरचा फरक!

म्हणून 'अवकाशात हवा नसते' हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर गेले, तेव्हा आमच्या वाडीतल्या मुलांनी मला तोच १९७९ चा प्रश्न विचारला, उलट्या बाजूने: ते पडत का नाही?

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने माझं एक मागणं आहे. स्थानकाची उंची इंटरनेटवर सहज मिळते. नववीच्या मुलांनी ती दर आठवड्याला आलेखाच्या कागदावर मांडावी. रेघ तिरकी उतरत जाईल, मग एका दिवशी एकदम वर उडी घेईल. सूर्य खवळलेला असेल त्या आठवड्यांत उतार जास्त तीव्र दिसेल. पावसाळा सरल्यावर संध्याकाळी किंवा पहाटे सड्यावर जाऊन स्थानक डोळ्यांनीही बघावं. न लुकलुकता चालत जाणारा ठिपका आहे, ओळखायला अवघड नाही. आलेखाच्या कागदांचा गठ्ठा मी मुख्याध्यापकांकडे पोचवला आहे, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी उंची कुठून घ्यायची, अक्षांवर प्रमाण काय धरायचं, हे दाखवायला मी शाळेत येते आहे.