रिकामं आउटपुट

साडेतीनला दुसरी शिफ्ट लागली आणि पाच-सात मिनिटांत मी बसवलेला पुशर, म्हणजे जॉब बाजूला ढकलणारा हवेचा सिलिंडर, आपोआप बाहेर आला. मशीन ऑटोला नव्हतं, सायकल बंद होती, सेन्सरसमोर जॉब नव्हता. तरी सिलिंडरने पूर्ण स्ट्रोक मारला, कन्व्हेयरवर राहिलेलं अॅल्युमिनियमचं हाउसिंग फरशीवर आदळलं आणि दोन-तीन सेकंदांनी पुशर जसा आला तसा आत गेला.

तिथला हेल्पर, विशीतला मुलगा, त्या हाउसिंगवरचं पाणी फडक्याने पुसून नुकता वळला होता. सिलिंडर ५० मिलिमीटर बोअरचा, हवा ६ बार. हिशेब केला तर जवळजवळ १२० किलोचा दणका. त्याचा हात अर्धा मिनिट आधी नेमका तिथे होता.

याला पाच आठवडे झाले. कुणाला खरचटलंही नाही, त्यामुळे कारखान्याच्या लेखी विषय संपला. माझा संपत नाही, कारण पुशर ज्यावर जोडला तो पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा) आउटपुट वापरण्याआधी रिकामा आहे की नाही हे मी तपासलं होतं, आणि नीट तपासलं होतं.

चाकणमधलं वॉशिंग मशीन. जर्मनीत बनलेलं, इकडे सेकंडहँड आलेलं, आत सीमेन्सचा एस७-३०० पीएलसी. धुऊन बाहेर आलेल्या भागांपैकी रिजेक्ट निघालेले बाजूला ढकलायला एक पुशर हवा, एवढंच काम. म्हणजे हवेचा व्हॉल्व्ह उघडणारी एक कॉइल (सोलेनॉइड), एक आउटपुट. पण व्हॉल्व्हचं कार्ड पूर्ण भरलेलं. पाचव्या स्लॉटमधल्या १६ पॉइंटच्या कार्डावर मात्र चौदाच पॉइंट वापरात होते, शेवटचे दोन मोकळे. ए ५.६ आणि ए ५.७. या प्रोग्राममध्ये जर्मन निमॉनिक्स (आज्ञांची लघुरूपं) आहेत, म्हणून आउटपुटला क्यू नाही, ए म्हणतात. नवीन माणूस इथेच गडबडतो, कारण इंग्रजी निमॉनिक्समध्ये ए म्हणजे अँड. सेटिंगमधून भाषा बदलता येते, पण मी बदलत नाही. ड्रॉइंगवर ए आहे, वायरच्या नंबरपट्टीवर (फेरूलवर) ए आहे, तर स्क्रीनवरही ए दिसावा.

तपासणीची सुरुवात मी नेहमी पॅनलपासून करतो. कार्डाचं झाकण उघडलं. फ्रंट कनेक्टरवर वीस टर्मिनल असतात, दुसऱ्या बाइटचे आठ पॉइंट १२ ते १९ वर येतात, म्हणजे ५.६ आला १८ नंबरला. १८ आणि १९ दोन्ही कोरे, स्क्रूवर वायरची खूणही नाही. ड्रॉइंगमध्ये दोन्हींपुढे 'रिझर्व्ह'. सिम्बॉल टेबलात, म्हणजे प्रोग्राममधल्या पॉइंटच्या नावांच्या यादीतही तेच.

मग प्रोग्राम. आधी ऑफलाइन आणि ऑनलाइन ब्लॉक जुळवून पाहिले, कारण बॅकअपची सीडी एक आणि सीपीयूमध्ये दुसरंच हा प्रकार आपल्याकडे रोजचा आहे. ते जुळले. मग रेफरन्स डेटा, म्हणजे कोणता पॉइंट प्रोग्राममध्ये कुठे वापरलाय त्याची यादी, नव्याने तयार केला. जुना डेटा तसाच उघडून त्यावर विसंबणारे इंजिनिअर मी खूप पाहिलेत, मधल्या काळात ब्लॉक बदललेला असला तर ती यादी काय कामाची? क्रॉस रेफरन्समध्ये ए ५.६ च्या नावाने एकही ओळ नाही. पण तेवढ्यावर मी थांबलो नाही. बिटचं नाव न घेता कुणी अख्खा बाइट (आठ बिट) किंवा वर्ड (सोळा बिट) लिहू शकतो. 'टी एडब्ल्यू ४' एवढी एक ओळ ए ४.० ते ए ५.७ असे सोळाच्या सोळा पॉइंट बदलते, आणि साध्या शोधात ५.६ पुढे तिचा पत्ता नसतो. त्यासाठी लोकेशन शोधताना ओव्हरलॅपिंग अॅक्सेसचा चौकोन टिक करावा लागतो. तो केला. काही नाही. शेवटी असाइनमेंट लिस्ट उघडली. तिथे बाइटवार आडव्या ओळी असतात. एकेक बिट वापरलं असेल तर त्याच्या घरात फुली, बाइट-वर्ड म्हणून वापरलं असेल तर बाजूच्या रकान्यांत खूण. एबी ४ मध्ये, म्हणजे आउटपुटच्या बाइट ४ मध्ये, आठ फुल्या, एबी ५ मध्ये सहा. शेवटची दोन घरं रिकामी, बाजूचे रकानेही रिकामे. एचएमआयच्या (ऑपरेटरच्या स्क्रीनच्या) टॅगची यादीही पाहिली, कारण तिथून थेट आउटपुटवर लिहून ठेवणारे महाभाग असतात. तिथेही नाही. कुणी हाताने सक्तीने चालू करून ठेवलेलं (फोर्स) काही नाही.

या सगळ्याला पाऊण तास लागला. तिथले मेंटेनन्सचे साहेब मागे उभे राहून म्हणत होते, "अहो, वायरच नाही म्हटल्यावर रिकामाच की तो." लाइन थांबवून दिलेल्या दोन तासांतला एकेक मिनिट लोकांना डोळ्यात खुपतो. तपासणीचा वेळ कुणी कामात धरतच नाही.

एफसी ९० नावाचा नवा ब्लॉक लिहिला. पुशरच्या कॉइलआधी चार अटी लावल्या: ऑटो चालू, गार्ड बंद, जॉब जागेवर, रिजेक्टचा सिग्नल. ओबी १ मध्ये, म्हणजे वरून खाली पुन्हा पुन्हा चालणाऱ्या मुख्य ब्लॉकमध्ये, स्टेशनांच्या ब्लॉकनंतर त्याचा कॉल टाकला. चाळीस जॉबची ट्रायल घेतली, त्यातले सहा मुद्दाम रिजेक्ट केले. सहाही बरोबर ढकलले गेले. सही घेतली. हे अडीचला. साडेतीननंतर वर सांगितलं ते.

सगळ्यात आधी मी पुशरची हवा बंद केली. मग ऑपरेटरला विचारलं. तीसेक वर्षं मशीनवर काढलेला माणूस, सगळे त्यांना मामा म्हणतात.

"मामा, आत्ता नेमकं काय केलंत?"

"काही नाही ओ साहेब. शिफ्ट चालू करायच्या आधी दिवे तपासले. चेकशीटवर पहिलंच आहे ते."

"परत दाबा बरं."

मी पॅनलचं दार उघडून कार्डासमोर उभा राहिलो. मामांनी लॅम्प टेस्टचं बटण दाबलं. कार्डावरचे सोळाच्या सोळा हिरवे एलईडी एकदम पेटले. चौदा नव्हे, सोळा. १८ नंबरचा पेटला, जिथून माझी वायर निघत होती. आणि १९ नंबरचाही पेटला, जिथे कधीच वायर नव्हती. मामांनी बटण सोडलं, सगळे विझले. तो सोळावा एलईडी रोज प्रत्येक शिफ्टला, चेकशीट भरताना, बंद दाराआड असा पेटून विझत आला असणार.

आता प्रोग्राममध्ये हे कुठे दडलंय ते काढायचं होतं. सगळे ब्लॉक निवडून त्यांचा सोर्स तयार केला. म्हणजे साठ-पासष्ट ब्लॉक एकाच मजकुराच्या फाइलीत सलग येतात आणि मग हवा तो शब्द शोधता येतो. मी 'पी हॅश ए', म्हणजे आउटपुटच्या पत्त्याकडे बोट दाखवणारा पॉइंटर, शोधला. तिसरा सापडला तो एफसी ५२ मध्ये, लॅम्प टेस्टचा ब्लॉक. अॅड्रेस रजिस्टरमध्ये ए ४.० चा पॉइंटर भरलाय. काउंटर दोन. मग रजिस्टर जिथे बोट दाखवेल त्या बाइटमध्ये एफएफ, म्हणजे आठही बिट एक. रजिस्टर एका बाइटने पुढे, आणि लूप. बटण सोडलं की त्याच लूपने एकदा शून्य. सात-आठ ओळी. त्यात एबी ५ हे अक्षर कुठेही नाही. प्रोग्राम चालतानाच रजिस्टर एबी ५ वर पोचतं, आणि क्रॉस रेफरन्सची यादी तर प्रोग्राम न चालवता, लिहिलेल्या ओळी वाचून बनते. आणि एफसी ५२ चा कॉल ओबी १ च्या अगदी शेवटी. शेवटी जो लिहील त्याचंच कार्डावर जातं. माझ्या चार अटींनी पुशरला शून्य दिलं होतं, त्यानंतर लॅम्प टेस्टने त्यावर एक लिहिला. गार्ड उघडं असतं तरी पुशर सुटलाच असता.

ज्याने हे लिहिलं त्याला मी बोल लावू शकत नाही. त्याच्या हिशेबात ते कार्ड दिव्यांचं होतं. चौदा दिवे, आणि पुढे लागलेच तर आणखी दोन दिव्यांसाठी जागा. 'रिझर्व्ह' म्हणजे दिव्यासाठी रिझर्व्ह. त्याने टेस्टचा लूप अख्ख्या कार्डावर फिरवला, म्हणजे पुढे दिवा वाढला तरी ब्लॉकला हात लावायला नको. चांगल्या माणसाचं काम आहे ते. मी तिथे व्हॉल्व्ह लावला. त्या कार्डावर दिव्यांशिवाय दुसरं काही नाही ही गोष्ट पाऊण तास माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि असं का असेल हा प्रश्न मला पडला नाही.

आणखी एक गोष्ट छळते. मी एफसी ९० चा कॉल ओबी १ च्या शेवटी, एफसी ५२ नंतर टाकला असता, तर शेवटचा शब्द माझा राहिला असता. लॅम्प टेस्ट दाबूनही पुशर हलला नसता. सगळं बरोबर चाललं असतं आणि मला कधी कळलंही नसतं. मग दोन वर्षांनी कुणीतरी ब्लॉकची जागा बदलली असती.

पुढचं भांडण तिथेच झालं. साहेबांचं म्हणणं, लॅम्प टेस्टचं बटणच काढून टाका, लाइन चालू करा. मी नाही म्हणालो. गार्ड उघडं असल्याचा दिवा उडालाय हे त्या बटणानेच कळतं. दुसरा उपाय माझ्याच डोक्यात आला होता: दुसऱ्या बाइटला एफएफऐवजी ३एफ लिहायचं, म्हणजे वरची दोन बिटं शून्य. पण मग सायकल चालू असताना कुणी लॅम्प टेस्ट दाबली तर अर्ध्या वाटेवरचा पुशर मागे येणार. तेही नको. सोलेनॉइडची वायर मी सोडवली, हवेच्या व्हॉल्व्हला कुलूप घातलं आणि नवीन आउटपुट कार्ड मागवा म्हणून लिहून दिलं. एस७-३०० आता २०२३ पासून फक्त स्पेअर म्हणून मिळतं, त्यामुळे कार्ड यायला नऊ दिवस गेले. ते नऊ दिवस रिजेक्ट जॉब हाताने उचलले गेले, आणि माझ्या बिलातून काही कापून घेता येईल का यावर त्यांच्या खरेदी विभागाने दोन मेल पाठवले. पाय मागे घेतला नाही याचं समाधान आहे.

हे एकाच पीएलसीपुरतं नाही. मित्सुबिशीत के४वाय२० असं लिहिलं की वाय२० ते वाय२एफ सगळे त्यात येतात. त्यांच्या जीएक्स वर्क्स सॉफ्टवेअरमध्ये नुसता वाय२ई शोधून भागत नाही, शोधाच्या पर्यायांत डिजिट टिक करावं लागतं. आणि पत्ता चालताना बदलणारं इंडेक्स रजिस्टर लावलेलं असेल तर तिथेही यादीवर भरवसा ठेवता येत नाही. पण आपल्या क्लासमधून पोरं शिकून येतात ती एवढंच: क्रॉस रेफरन्स मारा, दिसलं नाही तर वापरा. मीही पोरांना असंच सांगत आलो. आता माझ्या हाताखालच्या दोघांना आधी सोर्स काढून पॉइंटर शोधायला लावतो, आणि काम झाल्यावर मशीनवरचं एकूणएक बटण दाबायला लावतो, आपल्या कामाशी संबंध असो वा नसो. ते कंटाळतात.

नवीन कार्ड बसलं, पुशर तिकडे गेला. ड्रॉइंगवर ए ५.६ आणि ए ५.७ पुढे मी लाल पेनाने लिहिलं, 'फक्त दिव्यासाठी, लॅम्प टेस्टमध्ये आहे', आणि तीच ओळ सिम्बॉल टेबलात टाकली.

त्या रात्री जुन्या वह्या काढल्या. गेल्या चार वर्षांत मी आणखी तीन मशीनवर 'रिझर्व्ह' आउटपुट वापरलेत, सगळे याच पद्धतीने तपासून. रांजणगावचं एक आणि भोसरीचं एक जाऊन पाहून आलो, दोन्ही ठीक आहेत. तिसरं मशीन मूळ मालकाने विकलंय. सोलापूरकडे गेलंय एवढंच कळलं. त्यावर मी क्लॅम्पचा व्हॉल्व्ह लावला होता. ज्या दलालाने ते विकलं त्याला रोज फोन करतोय, काल त्याने पत्ता शोधून देतो म्हटलंय.