ऊन कोण करतं?

भर दुपारी वीज गेली, पंखा थांबला, की तोंडातून शब्द निघतो: उकडतंय. कोण उकडतंय, काय उकडतंय, कुणी विचारत नाही. स्पॅनिश माणूस अशा वेळी म्हणतो, ‘आसे कालोर’. शब्दशः पाहिलं तर ‘उष्णता करतं’. आणि नव्याने स्पॅनिश शिकणारा लगेच कर्ता शोधायला निघतो.

शोधू नये. ‘आसेर’ म्हणजे करणे. हवेबद्दल बोलताना त्याचं तृतीय पुरुषी एकवचन तेवढं घ्यायचं आणि पुढे नाम ठेवायचं: आसे फ्रीओ (थंडी आहे), आसे सोल (ऊन पडलंय), आसे व्येंतो (वारा सुटलाय). लिहिताना सुरुवातीला ‘ह’चं अक्षर असतं, पण ते मुकं. लॅटिनच्या ‘फाकेरे’तला फ झिजत झिजत गेला, त्याची ही खूण. स्पेनच्या बऱ्याच भागात मधला ‘स’ जीभ दातांत धरून काढतात, लॅटिन अमेरिकेत साधा ‘स’.

खरं तर मराठी माणसाला हे जड जायला नको. उजाडलं, सांजावलं, झाकोळलं ही आपली भावकर्तृक क्रियापदं. कर्ता क्रियेतच विरघळलेला. स्पॅनिशमध्येही अशी आहेत: आमानेसे म्हणजे उजाडतं, आनोचेसे म्हणजे अंधारून येतं. पाऊस आणि बर्फ यांना तर स्वतःची क्रियापदं आहेत, युएवे आणि न्येवा. तिथे ‘आसे’ लावला की वाक्य फसलंच. ढगाळ असेल तर ‘एस्ता नुब्लादो’, धुकं असेल तर ‘आय न्येब्ला’. असं का, याचं पटेल असं कारण मिळत नाही. आपल्याकडे थंडी वाजते. वाजायला ती काय घंटा आहे?

मराठी माणूस हमखास अडखळतो तो ‘खूप’पाशी. आपला ‘खूप’ खूप ऊन आणि खूप गरम, दोन्हीकडे चालतो. स्पॅनिशमध्ये कालोर हे नाम, म्हणून ‘मुचो’: आसे मुचो कालोर. विशेषणाआधीचा ‘खूप’ म्हणजे ‘मुई’; ‘मुई कालोर’ म्हटलं की ऐकणारा गालात हसतो. पण ‘आसे मुई बुएन त्येंपो’ (हवा खूप छान आहे) बरोबर, कारण तिथे मुई ‘बुएन’ला, म्हणजे विशेषणाला, चिकटलेला असतो.

त्याहून मोठा घोटाळा ‘मला गरम होतंय’चा. तिथे ‘तेंगो कालोर’ म्हणायचं, म्हणजे माझ्याकडे उष्णता आहे. ‘एस्तॉय कालिएंते’ म्हणू नये. कॉफी कालिएंते असते. माणसाने स्वतःबद्दल तसं सांगितलं तर ते हवामानाविषयी राहत नाही.

भूतकाळ मात्र आपल्या कानाने सुटतो. काल दिवसभर उकडलं आणि विषय संपला: ईसो कालोर. उकडत होतं, तेवढ्यात दारावर थाप पडली: त्यातलं उकडणं ‘आसीआ कालोर’.

अतिशयोक्तीतही ‘आसे’ मागे नाही. ‘आसे उन फ्रीओ के पेला’, म्हणजे साल सोलून काढणारी थंडी. आणि माद्रिदच्या हवेबद्दलची म्हण सांगते, नऊ महिने ‘इन्व्येर्नो’, तीन महिने ‘इन्फ्येर्नो’: नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक. यमक इतकं चपखल आहे की बिचाऱ्या वसंताला जागाच उरली नाही.

त्यात ‘त्येंपो’ म्हणजे हवामानही आणि काळही. मग ‘आसे’ तरी एका कामावर कसा थांबेल? ‘आसे त्रेस दीआस के आसे कालोर’: तीन दिवस झाले, उकडतंय. पहिला आसे दिवस मोजतो, दुसरा घाम काढतो, आणि कर्ता दोघांनाही नाही.