सत्यनारायणाचा शिरा आणि आमचा गुंड्या

श्रावणात घरी सत्यनारायण होता, लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत पंचवीस माणसं आणि त्यात गुंड्या. गुंड्या म्हणजे आमचा कुत्रा, चाळीच्या जिन्याखाली सापडलेला, वजन १४ किलो, अक्कल बेताची. पाहुणे पांगल्यावर बघते तर कोपऱ्यात ठेवलेले प्रसादाचे द्रोण चाटूनपुसून साफ. आई म्हणाली, "अगं प्रसादच ना तो, काय होतंय!" पण आईच्या शिऱ्यात बेदाणे म्हणजे कसे, अगदी सढळ हाताने.

द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी जाऊ शकते एवढं वाचलेलं होतं म्हणून डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले किती खाल्ले ते मोजत बसू नका, आधी घेऊन या. ह्याचा हिशोबच लागत नाही म्हणे, एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत आणि दुसरा थोडक्यात आडवा. द्राक्षांतल्या टार्टारिक अ‍ॅसिडचा संशय आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असतं, म्हणजे आमची चिंचगुळाची आमटी पण त्याला बाद. इंजेक्शन देऊन उलटी काढली, मग सलाईन, दोन दिवसांनी परत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी. नॉर्मल आलं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा उद्योग मात्र करू नका, मिठानेच कुत्रा दगावू शकतो, काकांनी नेमका तोच सल्ला दिला होता!

पण मला खरी धडकी कांद्याने भरली. आपल्याकडे कांद्याशिवाय शिजतं काय? कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, मग तो कच्चा असो, परतलेला असो की मसाल्यातली पावडर असो, आणि त्रास बरेचदा दोन-चार दिवसांनी दिसतो, हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद, तोवर रविवारचा मटणाचा रस्सा कोणाच्या लक्षात पण नसतो. त्याच रश्शातलं शिजलेलं हाड दिलं तर त्याच्या काचा होतात, ते वेगळंच.

चॉकलेटचं सगळ्यांना माहीत असतं. झायलिटॉलचं, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घालतात त्याचं, नसतं. बाबांना डायबेटिस आहे, खिशात कायम शुगर-फ्री च्युइंगम, आणि त्यात बऱ्याचदा हे असतं, माणसाला काही नाही पण कुत्र्याची शुगर अर्ध्या-एक तासात धाडकन खाली येते, लिव्हरही जाऊ शकतं. काही पीनट बटरमध्ये पण असतं, लेबल वाचा. बाबांचा शर्ट आता कपाटात जातो, खुंटीवर नाही.

मग खातो काय बिचारा? मऊ भात, बिनमिठाचं उकडलेलं चिकन, अंडं, लाल भोपळा, गाजर, बिया काढलेलं सफरचंद. दही चमचाभर, दूध त्याला पचत नाही. मे महिन्यात हापूसची फोड मिळते पण कोय नाही, आतड्यात अडकते. खालच्या मजल्यावरचे आजोबा रोज सकाळी ग्लुकोज बिस्किट देतात, विष नाही पण नुसता मैदा आणि साखर, त्यांना सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

आई आता शिऱ्यात बेदाणे घालत नाही, वर केळ्याच्या चकत्या ठेवते. गुंड्याला त्यातली एक चकती मिळते, नैवेद्य दाखवायच्या आधीच, आणि देवाचं काय ते आई बघून घेते.