तुम्ही विचारलंत म्हणून: छापलेलं चित्र ओरिजिनल कसं?

स्टुडिओत आलेला पाहुणा भिंतीवरची फ्रेम बघतो, खाली पेन्सिलीनं लिहिलेलं 12/50 वाचतो आणि जरा हिरमुसून विचारतो, ‘म्हणजे ही कॉपी का? मग ओरिजिनल कुठे असतं?’

बाहेरगावच्या माणसानं विचारलं तर समजू शकतो. नाशिककरांनी तरी विचारू नये. 1926 पासून आपल्या नाशिकरोडला टपाल तिकिटं छापली जातात, 1928 पासून नोटा. त्याआधी हा सगळा माल लंडनहून येई. ‘प्रेसमध्ये आहे’ एवढ्या दोन शब्दांवर इथे लग्नं जमली आहेत. खिशातली शंभराची नोट काढा आणि गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा. शाई उंचवट्यासारखी हाताला लागते. धातूच्या प्लेटवर रेषा खोल कोरायच्या, त्यांत शाई भरायची, वरची पुसून काढायची आणि कागद जबर दाबाखाली घालायचा, की खाचेतली शाई कागद उचलून घेतो. ही इंटॅग्लिओ छपाई. माझ्या टेबलावर होतं ते हेच, फक्त हातानं आणि फार सावकाश. त्या नोटेची ‘ओरिजिनल’ कुठे आहे, असं आपण कधी विचारत नाही. छापून निघते तेव्हाच ती नोट होते. मुद्राचित्राचंही, म्हणजे असं प्लेटवरून छापलेल्या चित्राचंही, तसंच. प्लेट हे चित्र नव्हे, कारण ती उलटी असते आणि बहुधा काळवंडलेली. चित्र कागदावरच जन्माला येतं.

पण माझे मामा नोटप्रेसमध्ये होते, त्यांना हे पटायचं नाही. एकाच प्लेटचे माझे दोन छापे त्यांनी शेजारी शेजारी ठेवले, एकात निळा जरा जास्त होता, आणि म्हणाले, ‘ह्यातला एक रिजेक्टमध्ये जाणार बघ.’ त्यांच्या खात्यात ते बरोबरच होतं. तिथे दोन नोटांत फरक दिसला तर गहजब व्हायचा. आमच्याकडे तो फरक मुद्दाम जपणारा एक माणूस होऊन गेला. पाहुण्यांना मी शेवटी त्याच्याकडेच नेतो.

कृष्णा रेड्डी. जन्म 1925, चित्तूरजवळच्या नंदनूर गावचा. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडे शिकले, मग लंडनला स्लेड स्कूलमध्ये हेन्री मूर, मग पॅरिसमध्ये झाडकीन. म्हणजे शेवटचे दोन्ही गुरू शिल्पकार, आणि रेड्डी स्वतःही शिल्पकारच. पॅरिसमध्ये ते स्टॅनली विल्यम हेटरच्या ‘अटेलिये 17’ या छपाईच्या कार्यशाळेत शिरले. हेटर इंग्रज, शिक्षणानं रसायनशास्त्रज्ञ आणि पूर्वी इराणात तेल कंपनीत नोकरीला. आता विचार करा: एकाला दगड खोदायची सवय, दुसऱ्याला तेलाचा स्वभाव माहीत. पुढे जे झालं ते या जोडीला शोभणारंच होतं.

तोवर रंगीत छापा म्हणजे बहुधा रंगागणिक वेगळी प्लेट. रेड्डींनी एकच प्लेट घेतली आणि ती उठावशिल्पासारखी कोरली, काही भाग उंच, काही मधले, काही खोल. सगळ्यांत खोल खाचांत शाई भरून वरची पुसायची. मग जवसाचं तेल जास्त घालून काकवीसारखी सैल केलेली शाई कडक रोलरनं फिरवायची. कडक रोलर वाकत नाही, म्हणून ती फक्त उंच माथ्यांना लागते. त्यानंतर कमी तेलाची घट्ट शाई मऊ रोलरनं, जोर देऊन. हा रोलर खालच्या पातळीपर्यंत दबतो, पण जिथे आधीची तेलकट शाई बसली आहे तिथे घट्ट शाई धरत नाही. प्लेटवर सगळे रंग एकत्र, तरी एकमेकांत न कालवलेले. कागद ठेवला, प्रेसमधून एकदाच काढला, चित्र तयार. याला व्हिस्कॉसिटी छपाई म्हणतात. तेलाच्या चार थेंबांनी सगळं बदलतं, आणि नाशिकच्या मे महिन्यात शाई आपण होऊन सैल होते ती निराळीच कटकट.

श्रेय कोणाचं यावर वाद घालणारे घालतात. कोणी हेटरचं म्हणतं, कोणी रेड्डींचं. मुंबईच्या जेजेमधून गेलेले कैको मोती त्याच कार्यशाळेत याच कामात होते, त्यांचं नाव मात्र आपल्याकडेही फारसं निघत नाही, हे मला खटकतं. त्या कार्यशाळेत बहुतेक सगळे कुठून ना कुठून आलेलेच होते, चालकासकट. त्यामुळे ‘परदेशात राहून मायभूमीची ओढ’ वगैरे रेड्डींच्या कामात शोधणं मला भाबडेपणाचं वाटतं. त्यांचा ‘व्हर्लपूल’ बघा, 1963 चा. भोवऱ्यात पाणी आत खेचलं जातं तेवढंच आहे, पाणी कुठल्या नदीचं याला महत्त्व नाही. 1968 च्या पॅरिसच्या विद्यार्थी आंदोलनातून ‘डेमॉन्स्ट्रेटर्स’ आलं. राहत्या शहरात पेटलं ते त्यांनी प्लेटवर घेतलं. 1976 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले, तिथल्या विद्यापीठात छपाई शिकवत राहिले आणि 2018 मध्ये तिथेच वारले. 1972 ची पद्मश्री त्यांना पॅरिसकर असतानाच मिळाली होती.

हेटरकडे शिकलेल्या अलीगढच्या झरीना हाश्मीही पुढे न्यूयॉर्कमध्ये स्थिरावल्या. त्यांचं काम अगदी दुसऱ्या टोकाचं: लाकडाचा ठसा, काळी रेघ, घराचा नकाशा. फाळणीनंतर कुटुंब पाकिस्तानात गेलेलं, त्यामुळे त्यांच्या चित्रांत घर शोधलं तर ते सापडतं. रेड्डींना त्याच मापानं मोजू नका, एवढंच.

आता तुमच्या फ्रेमकडे येऊ. रेड्डींनी 1981 मध्ये ‘ग्रेट क्लाउन’ची प्लेट केली, आणि त्या एका प्लेटचे रंग बदलून काढलेले छापे शेजारी ठेवले तर वेगवेगळी चित्रं वाटावीत. मामांनी सगळे रिजेक्टमध्ये टाकले असते. माझ्या 12/50 चा अर्थ इतकाच की या प्लेटचे पन्नासच छापे निघायचे आहेत आणि हा बारावा. ते झाले की प्लेटवर आडवी चीर मारतो, म्हणजे पुढे कोणी छापू नये. खर्च पन्नास जणांत वाटला जातो म्हणून हे कॅनव्हासपेक्षा स्वस्त मिळतं. तेव्हा घासाघीस करायची असेल तर खुशाल करा, पण ‘कॉपीच तर आहे’ या मुद्द्यावर नको.